टोपीवाला मारिओ: ॲक्रिलिकमधलं पहिलं चित्र

गोव्यात ‘मारिओचं चित्र करतोय’ असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला आधी लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा आठवतात. माझ्या शेजारच्या काकांनीही कॅनव्हास बघून तेच विचारलं, “हो खंयचो मारिओ?” म्हटलं, “काका, टोपीवाला. टीव्ही गेममधला.” काकांचा चेहरा पडला, पण दुसऱ्या संध्याकाळी ते खुर्ची घेऊन बघायला येऊन बसले.

मी फोंड्याजवळ राहतो. चित्रकलेचं माझं शिक्षण म्हणाल तर शाळेत पोस्टर कलर, दिवाळीला वाड्यावर करतात त्या नरकासुराच्या पुतळ्याचे दात रंगवणं आणि चवथीच्या आधी गावच्या चित्रशाळेत बसून गणपती रंगवताना बघत घालवलेल्या संध्याकाळी. ॲक्रिलिक मी चाळिशीत हातात घेतलं. त्यामुळे हा लेख कलाकारांसाठी नाही. आवडत्या गेममधलं पात्र भिंतीवर हवंय आणि हातात कधी ब्रश धरलेला नाही, अशांसाठी आहे.

पात्र कुठलं घ्यायचं

तेरा वर्षांच्या भाच्याला मी विचारलं, तेव्हा त्याला पबजीमधला झाडोऱ्याच्या कपड्यातला सैनिक हवा होता. बंदूक, पाठपिशवी, पट्टे, सगळ्यासकट. मी म्हटलं, “बाबा रे, हे पाचवं चित्र असू दे. पहिल्याला कमी रंगांचं काहीतरी घे.” “मामा, मग मारिओच घे, तुझ्याच काळातला आहे,” असं तो जरा तुसडेपणाने म्हणाला, पण निवड बिनचूक निघाली.

मारिओ पहिल्यांदा दिसला १९८१ साली, ‘डाँकी काँग’ या गेममध्ये. तेव्हा त्याचं नाव जम्पमॅन होतं. त्याला घडवणारे शिगेरू मियामोतो यांच्याकडे त्याला काढायला मोजके ठिपके आणि मोजके रंग होते. एवढ्याशा जागेत तोंड दिसणार नाही म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी. केस काढणं अवघड म्हणून टोपी. हात हलताना वेगळे दिसावेत म्हणून सदरा एका रंगाचा आणि वरची, खांद्यावर पट्टे येणारी विजार दुसऱ्या रंगाची. म्हणजे अडचणीतून आलेला हा चेहरा आहे, आणि आपली अडचणही तीच असते: हात बसलेला नाही, रंग थोडे आहेत. नाक, मिशी आणि टोपी जागेवर बसली की बाकी चुकलं तरी लहान मूलसुद्धा ओळखतं.

दुसरं पात्र हवं असेल तर हीच कसोटी लावा. फक्त सावलीवरून ओळखू येतं का? तीन-चार रंगांत मावतं का? १९९१ चा सोनिक चालेल. ‘पोकेमॉन’मधला पिकाचू सोपा वाटतो, पण पिवळा रंग फार पारदर्शक, नवख्याचा घाम काढतो. ‘गॉड ऑफ वॉर’मधला क्रेटॉस रंगांना सोपा, राखेसारखी पांढरी कातडी आणि लाल पट्टा, पण त्याचे स्नायू काढताना रडवतो. चिलखतवालं पात्र सोडवत नसेल तर फक्त शिरस्त्राण आणि चेहरा घ्या, बाकी कॅनव्हासच्या बाहेर जाऊ द्या.

सामान

दुकानदार बारा, चोवीस, छत्तीस रंगांचे संच दाखवील. आठ ट्यूब पुरतात: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (केशरीकडे झुकणारा लाल), क्रिमसन (गडद किरमिजी लाल), अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी). पांढरी ट्यूब मोठी घ्या, तीच आधी संपते. काळा मी मुद्दाम सांगितलेला नाही, त्याचं कारण मिशीपाशी येईल. कापडावर रंगवायच्या छोट्या बाटल्यांतलं ॲक्रिलिकही चालतं, पण ते पातळ असतं, थर जास्त द्यावे लागतात.

ब्रश कृत्रिम केसांचे घ्या: अर्धा इंची चपटा, चार नंबरचा गोल, दोन नंबरचा गोल आणि डोळ्यांसाठी शून्य नंबरचा. आणखी एक जुना, केस विस्कटलेला ब्रश घरात असतोच, तो टाकू नका.

पृष्ठभागाबद्दल मात्र गोव्यात राहणाऱ्याने विचार करावा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला कॅनव्हास स्वस्त मिळतो, पण आपल्याकडच्या पावसात तो पापडासारखा वाकतो. लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास घ्या, १२ × १६ इंचांचा. त्याच्या मागच्या कोपऱ्यांत घालायला छोट्या पाचरी मिळतात, त्या फेकू नका. दमटपणाने कापड सैल पडलं तर पाचरी हलक्या हाताने ठोकल्या की परत ताठ होतं.

पॅलेट विकत घ्यायची गरज नाही. झाकणाचा पसरट प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाला ओला केलेला पातळ स्पंज किंवा दुमडलेला कपडा ठेवा, त्यावर बटर पेपर. रंग या कागदावर काढायचे. खालून ओल मिळत राहते आणि मे महिन्यात पंख्याखाली जो रंग पाच मिनिटांत कातडं धरतो, तो तासभर नरम राहतो. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही वापरता येतो. पावसाळ्यात मात्र तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो, तेव्हा कागद आणि स्पंज बदला.

हवा आणि रंग

पोस्टर कलरची सवय असेल तर एक गोष्ट आधी डोक्यातून काढावी लागते. पोस्टर कलर वाळल्यावर ओला ब्रश फिरवला की खालचा रंग उठून वर मिसळतो. ॲक्रिलिकमध्ये पाणी उडून गेलं की रंगातले प्लॅस्टिकचे कण एकमेकांना धरून पापुद्रा होतो, आणि मग पाण्याने तो हलत नाही. म्हणून चुकलेल्या जागेवर बिनधास्त दुसरा थर देता येतो. आणि म्हणूनच ब्रशवर वाळला तर ब्रश गेला, सदऱ्यावर वाळला तर सदरा गेला.

खरा घोटाळा अर्धवट वाळलेल्या थराचा. वरून कोरडा दिसतो, आत मऊ असतो. त्यावर ब्रश फिरवला की पापुद्रा सुटून ब्रशबरोबर गुंडाळत येतो आणि खालचा कॅनव्हास उघडा पडतो. नवखा घाबरून तिथेच आणखी रंग थापतो. भोक मोठं होतं. आमच्या चित्रशाळेतले आजोबा गणपतीला हात लावायला आलेल्या पोरांना दोनच शब्द सांगायचे: “सुकूं दी.” मे महिन्यात पातळ थराला दहा मिनिटं पुरतात. जुलैत धो धो पाऊस पडत असताना मी पाऊण तास थांबलोय. हाताची मागची बाजू हलकेच टेकवून बघा. थंड लागलं तर आत अजून पाणी आहे.

घाई असेल तर पंखा लावा. केस वाळवायचं यंत्रही चालतं, हातभर लांबून. आणि पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी दिव्याभोवती पाखरं येतात, त्यांची सोय करा. माझ्या मारिओच्या पांढऱ्या हातमोज्यावर एक पंखासकट चिकटलं होतं. ओलं असताना पुसायला गेलात तर चट्टा पडेल. वाळल्यावर नखाने टिचकी मारली, निघून गेलं.

उजेड दिवसाचा असेल तर उत्तम. आमच्या जुन्या घराला राजांगण आहे, तिथे वरून येणारा उजेड सगळीकडे सारखा पडतो, म्हणून मी तुळशीपासून चार हात लांब कॅनव्हास ठेवायचा घोडा मांडतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर ऊन थेट न येणारी खिडकी बघा. पिवळ्या दिव्याखाली रंगवलेला निळा सकाळी वेगळाच दिसतो.

रेखाटन

पात्राचं मोठं, स्वच्छ चित्र घ्या, ज्यात प्रकाश एकाच बाजूने येतोय. चेहरा आणि छातीपर्यंतचा भाग पुरे. ते ६ × ८ इंचांत छापून आणा आणि त्यावर एक-एक इंचाचे चौकोन आखा. अठ्ठेचाळीस होतील. १२ × १६ च्या कॅनव्हासवर दोन-दोन इंचांचे तितकेच चौकोन आखा. मग एका चौकोनात जेवढं दिसतं तेवढंच दुसरीकडे उतरवायचं. नाक काढतोय हे विसरा. ‘डाव्या कडेच्या मध्यापासून निघून खालच्या कोपऱ्याजवळ जाणारी वाकडी रेघ’ एवढंच बघा. रांगोळी ठिपके मोजून काढणाऱ्या घरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याआधी मात्र कॅनव्हासवर गेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात द्या, तयार कॅनव्हासवर कंपनीने दिलेला असला तरी. पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये वाळू देऊन बारीक पॉलिश पेपर. चित्रशाळेतही मूर्तीला आधी पांढरा हात देतात, कारण मातीवर थेट दिलेला रंग मरतो. इथेही तसंच.

पेन्सिल हलकी चालवा. शिसं पांढऱ्यात आणि पिवळ्यात मिसळून मळकट होतं. रेषा पूर्ण झाल्या की खोडरबराने थोपटून इतक्या फिक्या करा की जेमतेम दिसाव्यात.

पाठीमागचं काय

पार्श्वभूमी आधी रंगवायची, म्हणजे पात्राच्या कडेला नंतर कसरत करावी लागत नाही. आणि इथे मी सपशेल आपटलो. गेममध्ये विटा असतात, आपल्याकडे चिरे. मला वाटलं, मारिओच्या मागे जांभ्या चिऱ्यांची भिंत काढू, वर थोडं शेवाळ, किती अस्सल दिसेल! भिंत झकास झाली. मग तिच्यावर लाल टोपी आली आणि टोपी भिंतीत गडप झाली. काका म्हणाले, “मानूस खंय गेलो?”

मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघितला, तेव्हा कळलं. टोपी आणि चिरा दोघेही एकाच करड्या छटेचे. इतकंच नाही, लाल टोपी आणि निळी विजारसुद्धा जवळपास सारखीच. रंग वेगळा असला म्हणजे उजेड-अंधार वेगळा असतोच असं नाही. हा फोटो दर टप्प्याला काढा, नाहीतर निदान डोळे बारीक करून चित्र बघा. जे एकमेकांत मिसळतं, त्यातलं एक उजळ करा किंवा दुसरं गडद.

उपाय मला आपल्या देवळांच्या भिंतींनीच दिला. कावी कामातला, म्हणजे त्या भिंतींवरच्या लाल मातीच्या नक्षीतला, लाल इतका उठून दिसतो, कारण त्याच्या शेजारी चुन्याचा पांढरा असतो. मी चिऱ्यांवर पांढऱ्यात चिमूटभर ऑकर घालून दोन थर दिले, चुना काढलेली भिंत केली, आणि खालच्या कोपऱ्यात गिलावा पडलाय असं दाखवून तीन चिरे तसेच ठेवले. ज्या भिंतीसाठी आठवडा गेला ती झाकताना वाईट वाटलं, पण टोपी दिसायला लागली. तुम्ही थेट फिक्या आभाळी रंगावर जा. अल्ट्रामरीन आणि भरपूर पांढरा, वर गडद, खाली फिका.

सपाट रंग

आता चेहरा, टोपी, सदरा, विजार, हातमोजे प्रत्येकाला एकेक सपाट रंग द्या. सावली नाही, चमक नाही. शाळेतल्या ‘रंग भरा’ पुस्तकासारखं. या टप्प्यावर चित्र भिकार दिसतं आणि बरेच जण इथे सोडून देतात. दिसू द्या.

रंग ट्यूबमधून काढून थोडं पाणी, दाट ताकाइतकं. फार पाणी घातलं तर रंगाला धरून ठेवणारा चीकच विरळ होतो आणि थर अंगठ्यानेही निघतो. दाट एका थरापेक्षा पातळ दोन-तीन थर बरे, ब्रशच्या रेघा दिसत नाहीत. लाल आणि पिवळा पहिल्या थरात आरपार दिसतात, त्यात तुमचा दोष नाही, रंगच तसा आहे. पिवळ्या बटणांखाली आधी पांढरा ठिपका द्या, तो वाळल्यावर पिवळा. लाल टोपीला तीन थर लागले मला.

एक लक्षात ठेवा: ॲक्रिलिक ओलं असताना फिकं दिसतं, कारण त्यातला चीक दुधाळ असतो. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि रंग एक पायरी गडद होतो. नेमकी छटा जुळवायची असेल तर कागदावर बोटभर लावून, वाळवून बघा.

कातडीसाठी पांढरा, त्यात ऑकर, त्यात टाचणीच्या टोकाएवढा व्हर्मिलियन. लाल शेवटी आणि भीत भीत, जास्त झाला की मारिओला ऊन लागल्यासारखं दिसतं.

सावली आणि उजेड

इथे वेळ घ्या. सगळी मजा इथेच आहे.

नवखा माणूस सावलीसाठी काळा आणि उजेडासाठी पांढरा घालतो. लालात पांढरा घातला की गुलाबी होतो आणि टोपी मखराच्या कागदी फुलासारखी दिसते. काळा घातला की मळका तपकिरी. टोपीच्या उजळ भागासाठी व्हर्मिलियनमध्ये पिवळा घाला, केशरीकडे झुकणारा लाल मिळतो. सावलीसाठी क्रिमसन, आणि जिथे सर्वांत गडद हवं तिथे क्रिमसनमध्ये थोडा अल्ट्रामरीन. कोकमाच्या आगळासारखा रंग होतो, तो टोपीच्या पुढच्या झापेखाली घातला की टोपी डोक्यावर बसते. शुद्ध पांढरा ठिपका, हवाच असेल तर, अगदी शेवटी, एकच.

विजारीचा मधला रंग अल्ट्रामरीनमध्ये थोडा पांढरा, सावलीला अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर. पांढऱ्या हातमोज्याची सावली करडी नसते, निळसर असते. पांढऱ्यात किंचित अल्ट्रामरीन आणि त्याहून किंचित सिएना घालून बघा.

नाक म्हणजे या चित्राचा नारळ. ते गोल दिसलं की सगळं जमलं. ॲक्रिलिक लवकर वाळत असल्याने तेलरंगासारखं घोळवत बसता येत नाही, म्हणून पायऱ्यांनी जा. कातडीच्या तीन छटा डब्यात तयार ठेवा: मूळ, त्यात सिएना घालून गडद, त्यात पांढरा आणि ऑकर घालून उजळ. गडद छटा नाकाच्या खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखी. उजळ छटा प्रकाशाच्या बाजूला, वरती, वाटाण्याएवढी. मधे मूळ रंग. कडा स्पष्ट दिसतील, वाळू द्या. मग दोन शेजारच्या छटा मिसळून मधली पायरी करा आणि सांध्यावर लावा. शेवटी तो जुना विस्कटलेला ब्रश घ्या, रंगात बुडवून फडक्यावर जवळपास कोरडा करा आणि सांध्यावर फिरता हात द्या. केस फक्त टेकले पाहिजेत. दोन-तीन फेऱ्यांत कड विरघळते. माझं पहिलं नाक बटाटा झालं होतं, वरून रंगवलं. दुसरं लिंबू. तिसरं नाक.

मिशी. आजच्या मारिओची मिशी काळी असते, केस तपकिरी. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन सारखे मिसळा, जवळजवळ काळा होतो, पण ट्यूबमधल्या काळ्यासारखं भोक पडल्यागत दिसत नाही. त्यात थोडा पांढरा घातला की निळसर करडा मिळतो, त्याची एकेक बारीक रेघ मिशीच्या प्रत्येक झुबक्यावर. केसांना अंबर, उजेडाला सिएना.

भोवती काळी रेघ मारायची का? भाचा म्हणतो हो, कॉमिक्ससारखी. मला आवडत नाही. कड हरवत असेल तिथे त्याच वस्तूच्या गडद रंगाने रेघ द्या, टोपीला आगळाचा, विजारीला गडद निळा. पूर्ण काळी रेघ मारली की तासभर खपून गोल केलेलं नाक पुन्हा चपटं होतं.

आखणी

चित्रशाळेत डोळ्यांना ‘रंगवणं’ म्हणत नाहीत, आखणी म्हणतात, आणि ती शेवटी, जाणत्या हाताने होते. आपणही शेवटीच करू. आधी पांढरा, पण शुद्ध नव्हे, किंचित करडा. वरच्या पापणीखाली एक पातळ सावली. मग निळं बुबुळ, त्यात गडद बाहुली, आणि शून्य नंबरच्या ब्रशने शुद्ध पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. रंग थोडा पातळ करा म्हणजे रेघ तुटत नाही. करंगळी कॅनव्हासच्या कोरड्या भागावर टेकवा, श्वास सोडताना रेघ ओढा.

दोन डोळे वेगवेगळीकडे बघतायत असं वाटलं तर चित्र आरशात बघा. चूक लगेच दिसते.

टोपीवरचं पांढरं वर्तुळ बांगडी ठेवून आखा आणि आतलं इंग्रजी एम अक्षर लाल. वर्तुळ टोपीच्या फुगवट्यावर आहे, म्हणून चेहरा वळलेला असेल तर ते लंबगोल होईल. तेव्हा बांगडी बाजूला ठेवून मूळ चित्रातले चौकोन बघा.

आवरासावर

ब्रश पाण्यात डोक्यावर उभे करून ठेवू नका, केस वाकतात ते वाकतातच. आधी फडक्याला पुसा, मग एका बरणीत खळबळा, दुसऱ्या स्वच्छ बरणीत परत, शेवटी अंगाच्या साबणाने तळहातावर घोळवून, टोक बोटांनी जुळवून आडवे ठेवा.

चित्र घरात लावायला, मित्राला द्यायला हरकत नाही. पण मारिओ निन्टेन्डो कंपनीचा आहे. त्याच्या छापील प्रती करून बाजारात टेबल मांडायचं असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. तेव्हा स्वतःचं पात्र काढा.

सही कोपऱ्यात, बारीक, साल घालून. मग वॉर्निश. तेही ॲक्रिलिकसाठीचंच, चपट्या रुंद ब्रशने, एका दिशेने, दोन पातळ हात. चित्र वरून वाळलं तरी जाड थर आतून मुरायला वेळ घेतात, निदान दोन आठवडे जाऊ द्या. आणि भर पावसाळ्यात वॉर्निश करूच नका. हवेतला ओलावा त्यात अडकला की वर दुधी पडदा येतो आणि कष्टाने आणलेला लाल धुक्यात जातो.

माझा मारिओ जुलैच्या शेवटी पूर्ण झाला. सध्या तो ओल न येणाऱ्या आतल्या भिंतीवर आहे, मागे वारा खेळावा म्हणून चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवून. वॉर्निशची बाटली कपाटात आहे. दसरा होऊ दे, मग उघडू.